तलवाड्याच्या जत्रेतलं माझं तुणतुणं

हसू नका, पण निजामाच्या राज्यात आमी गडी उस्तादाकडं गाणंबजावणं शिकाया जायचो. माझं तुणतुणं तालात सदा मागं राहायचं.

"बैलावानी काहून चालतोस बे?" उस्ताद ओरडायचे. "जत्रेत मागं राहिलास, तर तुणतुणं काढून घेईन!"

मला औतामागं चालायचीच सवय. जत्रेतबी मी मनात बैलामागं चालत तार छेडत राहिलो. गर्दी बघून ढोलकीवाल्या गणपाला लई जोर चढला अन् ताल पळाया लागला. गाता गाता उस्तादांना धाप लागली, लोक हसाया लागले. माझी तार तेवढी त्याच चालीनं वाजत होती. उस्तादांनी ती ऐकली, दम घेतला, तिच्यावर गाणं धरलं अन् गणपावर ओरडले, "पळतोस कुठं बे? बैलामागं चल!"