खोकल्याचा तुकडा

आमच्या काकांचा खोकला सरकार कापायला निघालं होतं, हे सांगितलंय का कधी?

काका मुंबईला गिरणीत. गणपतीत तेवढे गावी यायचे आणि जाखडी गायचे. पंच्याऐंशीच्या सुमारास सांस्कृतिक खात्याचे एक साहेब रत्नागिरीहून मशीन घेऊन आले, ती गाणी टेप करायला. गाणं झालं. साहेबांनी टेप परत लावली. मध्येच काकांचा खोकला वाजला, तशी काकी आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली! काका बाहेरून आले की दारात खोकायचे आणि ही पाणी घेऊन यायची, ती सवय. आता काका तर समोरच बसलेले. ओटीवर एकच हशा.

साहेब मात्र वैतागले. “हा खोकला कापावाच लागणार.”

काकी तांब्या घेऊन तशीच उभी. म्हणाली, “कापलात तर तो तुकडा मला द्या.”

“अहो, पण वाजवायला तुमच्याकडे मशीन कुठाय?”

“नसूदे. हे परवा मुंबईस जातील. खोकला तरी ऱ्हाऊदे घरात.”