पावसानं रेस रद्द झाली तो रविवार

हसू नका हं, पण सिंगापूरला वुडलँड्समध्ये एकटा राहायचो तेव्हा रविवारी सकाळी मी टीव्हीवर अमेरिकेतली ओव्हल ट्रॅकवरची कार रेस लावायचो आणि "अरे, दाब की!" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचो. आठवडाभरात तेवढंच काय ते माझं मराठी.

एकदा तिकडे पाऊस आला. ओल्या ओव्हलवर गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे रेस रद्द. मी गप्प बसून राहिलो, तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे चिनी अंकल होते. आजवर कधी बोलले नव्हते.

"टुडे नो शाउटिंग? यू ओके?"

ओशाळून म्हटलं, "सॉरी अंकल, दर रविवारी तुम्हाला त्रास."

"त्रास कसला लाह," ते आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "तू ओरडतोस तेव्हाच मी कॉफी घेतो. घरात कोणीतरी आहे असं वाटतं."