कमोडला गेलेला तडा

हार्डवेअरच्या दुकानात एक नर्सबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे एक सून आणि तिचे सासरे होते. सून दुकानदाराला सांगत होती,

“टाकीत निळा रंग टाकून फ्लश केलं, तर कमोडखालची फरशी निळी झाली. तडा बुजवायला काहीतरी द्या.”

“भांड्याचा तडा बुजवून भागत नाही, ताई. बसल्यावर फुटलं तर कापेल. काही आपटलं होतं का?”

“नाही हो. बाबा, तुम्हाला काही माहीत आहे?”

“मीच आपटलो. सोमवारी पाय सरकला.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू नोकरी सोडून घरी बसली असतीस.”

नर्सबाईंनी उगाच नळांकडे पाहिलं.

सून दुकानदाराकडे वळली. “दादा, नवं भांडं दाखवा. आणि भिंतीला धरायचा दांडा.”

“केवढ्या उंचीवर लावणार?”

“बाबा, खाली बसल्यावर हात कुठवर पोचतो तुमचा? बसून दाखवा बरं या स्टुलावर.”