भोये पडले नव्हते

सन्माननीय अध्यक्षा डॉ. सुवर्णाताई, व्यासपीठावरचे पाहुणे, मित्रकीटक प्रयोगशाळेचा सगळा कर्मचारीवर्ग, आजचे सत्कारमूर्ती चिमाजी भोये साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या नवसाबाई वहिनी आणि माझ्यासारखेच बिचकत आत आलेले शेतकरी बांधव, तुम्हा सर्वांना सायखेड्याच्या धोंडीरामचा नमस्कार.

भाषण पाठ करून आलो होतो. ‘शेतकऱ्यांचा खरा सोबती’ वगैरे. पण आत्ता सत्काराचा नारळ साहेबांच्या हातातून सुटला, खुर्च्यांखाली गेला आणि सूत्रसंचालक प्रफुल्लराव माइकवर म्हणाले, ‘काका गाडीवरून पडले होते, आता नारळपण पाडला!’ सभागृह खदखदून हसलं. हसा, तुमची चूक नाही. पण तो उजवा हात कशाने गेला, ते या हॉलमध्ये दोघांनाच माहीत आहे. साहेब, खुणा करू नका. मी खाली बसणार नाही.

आधी माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. दत्तू गोदाकाठच्या झाडावर सरपण तोडायला चढला आणि कुऱ्हाड नेमकी गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर बसली. तो वरून कोसळला तरी त्या सोडेनात. डोळ्यात, कानात, जिभेवर, लय वंगाळ डसल्या. तोंड इतकं सुजलं की आईने त्याला सदऱ्यावरून ओळखलं. दवाखान्याच्या दारातच गेला तो. तेव्हापासून गांधीलमाशी हा शब्द ऐकला तरी माझं टाळकं सरकायचं.

तीन वर्षांनी मक्यावर लष्करी अळी आली. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, बोट घातलं की नुसता चोथा आणि वळवळ. फवारून थकलो, टाचेखाली चिरडून थकलो. तेवढ्यात हे साहेब डबा घेऊन बांधावर आले. पेठचा साधा माणूस. छापील पत्रकात होतं तेच हसत म्हणाले, ‘दादा, तुमच्या एकरात पन्नास हजार गांधीलमाश्या सोडतो.’

पन्नास हजार! मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

मी फावड्याचा दांडा घातला. पहिला तडाखा डब्यासाठी होता, पण साहेबांनी डबा पोटाशी धरला आणि हात मध्ये घातला. मनगट काडकन मोडलं. मी थांबलो का? नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. ‘माझा भाऊ खाल्ला, आता मला खायला आणल्या का?’ असं ओरडत होतो. साहेब चिखलात लोळत एवढंच म्हणत होते, ‘दादा, डबा फोडू नको. ह्या डसत नाय.’

तेव्हा कुठे मी थांबलो आणि डबा उघडला. आत पोस्टकार्डाएवढे कागद, त्यांवर काळी खसखस चिकटवल्यागत अंडी. त्यातून निघणारी माशी त्या खसखशीहून बारीक. तिला माणूस काय आणि दगड काय, सारखेच.

दवाखान्यात पोलीस आले. मी भिंतीला टेकून उभा होतो. साहेब म्हणाले, ‘मोटारसायकल घसरली. माझा मीच पडलो.’ मी नंतर पाय धरले, तर म्हणतात, ‘शब्द चुकला दादा. बारीक माशी म्हणायला पाहिजे होतं.’

प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून चौथ्या दिवशी ते परत आले. मी पानं धरली, त्यांनी डाव्या हाताने कागदाच्या पट्ट्या टाचल्या. मग त्यांच्या भिंगातून मी पाहिलं. ज्यातून अळी निघते त्या अंड्यात माशी आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतल्या जिवाला जन्मायच्या आधीच खाऊन टाकतं आणि भोक पाडून बाहेर येतं. इतकी क्रूर गोष्ट मी पाहिली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. पुढच्या पोंग्यांत अळी तुरळक दिसली. मका वाचला.

साहेबांचं काय वाचलं? चौकशीत ‘वाहन निष्काळजीपणे चालवले’ असा शेरा बसला. शिवारातलं काम काढून घेतलं. सहा वर्षं ते आत बसून डाव्या हाताने कागदावर अंडी चिकटवत राहिले, आणि तुम्ही त्यांचं नाव पाडलंत ‘पडके भोये’. नवसाबाई वहिनी, तुम्हालाही त्यांनी खरं सांगितलं नाही, हे तुमच्या तोंडावरून दिसतंय.

अध्यक्षाताई, हे सगळं मी आता इथेच, या निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून सही करतो. भोये पडले नव्हते, धोंडीरामने त्यांना मारलं. तो शेरा खोडा. पोलिसांत द्यायचं असेल तर मी हॉलच्या दारातच थांबतो.

मला बोलायला बोलावलंत, आभारी आहे. भाषणाच्या शेवटी म्हणतात, काही चुकलं असेल तर पोटात घाला. बोलण्यातलं तेवढं घाला. हाताने केलं ते नका घालू. साहेबांनी सहा वर्षं तेच केलंय.

प्रफुल्लराव, तो नारळ उचला आणि साहेबांच्या डाव्या हातात द्या.