चेन एक बोट सैल

जबाब देणार: अपघातातल्या मोटारसायकलची मालकीण. वय ६३. पूर्वी टंकलेखिका, आता घरीच. राहणार: दोन मजली घराचा तळमजला, वर दीर व जाऊ राहतात.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. एका रविवारी यजमान मागच्या पायरीवर याच मोटारसायकलची चेन बसवत होते. धाकटे दीर शेजारी रॉकेलचा डबा धरून होते. यजमानांनी माझं बोट चेनखाली धरून वर उचललं. म्हणाले, "एवढी सैल हवीच. माणसं बसली की ती आपोआप ताणली जाते." दीर म्हणाले, "वहिनी, आता नखं विसरा!" आम्ही तिघं खूप हसलो. म्हणजे ही गोष्ट दिरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली. गाडी माझ्या नावावर आहे. तिचं सगळं मीच करते.

गेल्या रविवारी सकाळी मी मागचं चाक उतरवून टायर बदलला, चेन घासून तेल दिलं, चाक बसवलं. एक्सलचा नट आवळून त्यावरून एक्सलपर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. नट कुणी फिरवला तर रेघ तुटते. दर वेळी मी असंच करते.

दीर खाली आले. "वहिनी, चेन लोंबतेय. दादाची गाडी आहे, झोपाळा नाही."

"भाऊजी, हात लावू नका."

"बाईच्या हातात पाना गेला की असंच व्हायचं."

"वरचा पंखा तुम्हीच दुरुस्त केलात ना? त्याच्यावर टॉवेल वाळतात."

जाऊबाई हसल्या. दिरांनी त्यांना वर जायला सांगितलं.

सोमवारी सकाळी मी दातांच्या डॉक्टरांकडे असताना दिरांनी न विचारता गाडी नेली. मागे जाऊबाई होत्या. गतिरोधकावर चेन तुटून चाकात अडकली. दिरांना खरचटलं. जाऊबाईंचा घोटा तीन ठिकाणी मोडला. इस्पितळात नर्ससमोर दीर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिनं मुद्दाम केलं." तशी त्यांनी ठाण्यात तक्रारही दिली. नंतर जिन्यात मला म्हणाले, "तळमजला सोडा, तक्रार मागे घेतो." मी सोडणार नाही.

आज ठाण्याच्या आवारात मी हवालदारांना नट दाखवला. रेघ तुटलेली आहे. चेन ताणायच्या पट्टीवर चाक दोन्ही बाजूंनी चार खुणा मागे ओढलेलं आहे. चेन एवढी ताणून दोन माणसं बसली की ती तुटणारच.

जाऊबाई मला म्हणाल्या, "मी सांगत होते, ताईंना विचारा. म्हणाले, घर माझं आहे, पानाही माझाच." हे त्या तुमच्यापुढे बोलणार नाहीत. त्यांना त्याच घरात परत जायचं आहे. कृपया त्यांच्यावर जोर करू नये.

तपासणी झाल्यावर मोटारसायकल व चावी माझ्याच हातात द्यावी. अपघाताच्या जागी सापडलेली जाऊबाईंची पर्स त्यांच्या हातात द्यावी, दिरांकडे नको. तुटलेली चेन दिरांना द्यावी.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "दीर" या शब्दाआधी "माझे" लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही