तापलेले टायर आणि सासरेबुवा

नव्या जीपची मस्ती काय असते ते मला विचारा. लग्नाला दोन महिने झाले होते. सासरे पहिल्यांदाच भिसेगावला राहायला आले, तर मी त्यांना पळसदरीच्या धरणामागं चिखलातून फिरवलं. चाकं रुतू नयेत म्हणून आधीच टायरमधली बरीच हवा सोडली होती. येताना घराजवळच्या पंक्चरवाल्या तात्यांकडं ती परत भरायला थांबलो.

टायरला हात लावून तात्या म्हणाले, "तापलेत रं. चार पॉइंट जास्त भरतो. थंड झाले की तेवढी उतरंल."

"गाडीच्या पुस्तकात बत्तीस लिहिलंय, बत्तीसच भरा," मी सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

तात्यांनी एकदा गाडीत बसलेल्या सासऱ्यांकडं पाहिलं आणि निमूट बत्तीस भरली.

सकाळी मीटर लावून बघतो तर चारही टायरमध्ये अठ्ठावीस! "तात्यानं फसवलं मला," असं ओरडतच निघालो, तर फाटकात तात्याच उभे, हातात पायपंप.

"थंड हायत तवर भरून देतो," ते म्हणाले.

"मग काल गप्प का बसलात?"

"सासऱ्यासमोर जावयाला खोटा कसा पाडू रं?"

मी मान खाली घालून मागं वळलो. सासरे ओट्यावर बसून चहा पीत होते.

"जावईबापू, मी तीस वर्षं ट्रक चालवलाय," ते म्हणाले. "मी तरी काल कुठं बोललो?"