लोणच्याखालची पॉलिसी

परदेशातल्या डेव्हन रस्त्यावरून जाणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर एका काका-काकूंची जुंपली होती आणि पुढे बसलेली हिमानी उतरायचं विसरून ऐकत होती.

“आपल्या दुकानात पूर्वी ड्रायक्लीनर होता ना, त्याचं केमिकल जमिनीत मुरलंय. सगळी माती काढायला लागणार.”

“मग काढा.”

“खर्च त्याच्या जुन्या इन्शुरन्समधून मिळेल, शरयू. वकील म्हणाला, फक्त पॉलिसी दाखवा. तो बेसमेंटमध्ये सोडून गेलेला पिवळ्या कागदांचा गठ्ठा कुठाय? पॉलिसी त्यातच असणार.”

“पॅन्ट्रीत अंथरलाय, डब्यांखाली. कागद छान जाड होता.”

“वाचता येतोय ना?”

“येतो की. लोणच्याच्या बरणीखालचा सोडून.”

“तिथे काय झालं?”

“तेल मुरलंय.”

“आता पॉलिसी साफ करायचा खर्च कोण देणार?”

“त्याचीही एखादी जुनी पॉलिसी असेल, अहो. वरच्या फळीवर बघते. तिथल्या कागदांवर नुसता साखरेचा डबा आहे.”